पुन्हा एकदा साक्ष

अमरावतीत आमच्या घरापासून चर्च पाच मिनिटांवर आहे. लहानपणापासून मी तिथंच जात होते. गायनात होते, नाताळच्या आधी बाकं पुसणाऱ्या बायकांत होते. मी नर्स. बावीस वर्षांपासून जी माझ्यासोबत राहते ती शाळेत गणित शिकवायची. मंडळीतले लोक तिला ‘सिस्टरची मैत्रीण’ म्हणायचे आणि पुढं काही विचारायचे नाहीत.

मग एका बाईनं हिला विचारलंच. खोटं बोलणं हिला जमत नाही. “मैत्रीण कायची? संसार आहे आमचा,” ही म्हणाली. पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब घरी आले. चहा नको म्हणाले. “उपासनेला या, मी नाही म्हणत नाही. फक्त प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढं येऊ नका. लोकांना अडखळण होतं.”

आम्ही जाणंच सोडलं. रविवारी सकाळी घंटा ऐकू यायची, आणि नेमकं तेव्हाच ही मिक्सर लावायची. अशी दोन वर्षं गेली.

माझ्यासोबत नोकरी केलेली एक नर्स अकोल्याला राहते. तिनं फोनवर सांगितलं की तिथं एक निवृत्त पाळक कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये उपासना घेतात आणि समलिंगी माणसांना उघडपणे बोलावतात. मी म्हटलं, जाऊन पाहू.

ही म्हणाली, “पाच मिनिटांवर जे जमलं नाही, त्यासाठी आता बडनेऱ्याहून गाडी पकडायची?”

पण आली. ऑटो, गाडी, परत ऑटो, वर दोन मजल्यांचा जिना. फळ्यावर कुणाची तरी सूत्रं अर्धवट पुसलेली. पंधरा-सोळा माणसं होती, त्यात दोन तरुण हातात हात घेऊन बसलेले. त्यांच्याकडं कुणी वळून पाहत नव्हतं. तिथल्या पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि ताट घेऊन स्वतः आमच्यापर्यंत आले. “घ्या, बाई.” हिनं दोन्ही हातांनी भाकर घेतली. पुढच्या आठवड्यापासून आम्ही दर रविवारी जाऊ लागलो.

नंतर साक्षी सुरू झाल्या, म्हणजे आपली गोष्ट सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. कुणी नवीन आलं, पुण्याहून कुणी पाहुणे आले, की पाळकसाहेब म्हणायचे, “सिस्टर, जरा तुमची साक्ष होऊ द्या.” पहिल्यांदा मी मनापासून बोलले. रडलेही. सहाव्या-सातव्या वेळेपर्यंत लोक कुठल्या वाक्याला डोळे पुसतात ते मला पाठ झालं होतं. मी बोलायला उभी राहिले की ही वर पंख्याकडं बघत बसायची.

एका मे महिन्यातल्या रविवारी गाडी दीड तास लेट. हिचे गुडघे सुजलेले, जिना कसाबसा चढलो. समोर एक पाहुणे व्हिडिओ काढायला मोबाइल उभा धरून बसले होते. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं.

“आज नाही,” मी म्हणाले. “मी थकली.”

मग कुणीतरी गीत सुरू केलं.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब जवळ आले. “सिस्टर, नाराज झाल्या का? तुमच्या बोलण्यानं लोकांले धीर येते.”

“पाळकसाहेब, बाकीच्या नवराबायकोले तुमी उभं करून विचारता का, तुमचं कसं जुळलं म्हणून?”

ते बाकावर बसले. चष्मा काढून हातात घेतला. “नाही विचारत,” म्हणाले.

चहा गाळता गाळता पाळकीणबाई नवऱ्याकडं बोट करून बोलल्या, “मी तं यायले कवाचं सांगून राहिले!”

“मंग तुमाले काय पाह्यजे, सिस्टर?” पाळकसाहेबांनी खरोखरच विचारलं.

“काम द्या काही,” मी म्हटलं. “नुसतं पाहुण्यासारखं बसवू नका.”

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारचा चहा आमच्याकडं आला. फळा पुसायचं काम हिनं स्वतःच घेतलं. हातात हात घेऊन बसणाऱ्यांपैकी एकाला साक्ष थांबल्याचं वाईट वाटलं. तो म्हणाला, “मावशी, तुमची साक्ष ऐकूनच मी इथं थांबलो होतो.” मी त्याला कप धुवायला जवळ बसवलं आणि त्यानं विचारलं तेवढं सगळं सांगितलं. त्या दिवशी सांगताना जड गेलं नाही.

आता आम्ही महिन्यातून दोनदाच जातो. गुडघ्यांना त्याहून जास्त झेपत नाही. पाच मिनिटांवरच्या चर्चमधून अजून कुणी बोलवायला आलेलं नाही, आणि मीही वाट पाहणं सोडलं आहे.

मागच्या खेपेला चहा वाटत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. “सिस्टर, साखर टाकाची विसरल्या का? कावून असा फिका पाजता?”

सगळ्यांसमोर, घरच्यासारखं बोलले. मला फार बरं वाटलं. मी त्यांचा कप उचलला आणि साखरेचा डबा शोधायला गेले.