एका खोलीतले तीन देश

उकडीची वाफ आली की अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावातलं २००४ सालचं आमचं अपार्टमेंट आठवतं. झिम्बाब्वेचा रूममेट उकड चमच्यावर घेऊन म्हणायचा, “आमच्याकडे मक्याची अशीच करतात.” सगळ्यांचे फॉर्म भरायची मला भारी हौस. त्याच्या फॉर्मवर जन्मदेश ‘ऱ्होडेशिया’ दिसला, तो मी न विचारताच खोडून ‘झिम्बाब्वे’ केला. जन्मदाखल्याशी जुळत नाही म्हणून फॉर्म परत आला. तो चिडलासुद्धा नाही, नुसता दमून खुर्चीत बसला. “वडील सदर्न ऱ्होडेशियात जन्मले, मी ऱ्होडेशियात, बहीण स्वातंत्र्यानंतर झिम्बाब्वेत. तिघं जन्मलो ती खोली एकच, यार.” ‘यार’ आमच्याकडूनच उचललेलं. घरातले फॉर्म अजूनही मीच भरतो. जन्मदेशाच्या रकान्यापाशी मात्र ज्याचा फॉर्म, त्याच्या हातात पेन देतो.