नव्वद सेकंदांचा शेक

चुतुंगच्या चिप तपासणीच्या कारखान्यात फान चिन्मेइ लागली तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. त्याआधीची सव्वीस वर्षं तिने स्फटिकाच्या कारखान्यात काढली. क्वार्ट्झची नखाएवढी चकती घासायची, तिला चांदीचा मुलामा द्यायचा, पत्र्याच्या डबीत बंद करायची. त्या चकतीच्या ठोक्यावर रिसीव्हरमधलं घड्याळ चालतं. ठोका चुकला की आलेला संदेश रिसीव्हरला उमगत नाही. चिन्मेइच्या हातची डबी सव्वीस वर्षांत दोनदाच परत आली. दोन्ही वेळची कारणं तिला पाठ होती.

मग बिनस्फटिकाच्या चिपा आल्या. घड्याळ चिपच्या पोटातच. स्फटिकवाल्यांनी माणसं कमी केली आणि चिन्मेइ त्या चिपांच्याच तपासणीला लागली. कुणी टोमणा मारला तर म्हणायची, "मग काय, घरी बसून तांदूळ निवडू?"

पोटातलं घड्याळ तापलं की भरकटतं, आणि प्रत्येक चिपचं भरकटणं वेगळं. म्हणून चिप आधी गार असताना मोजायची, मग पेटीत पंच्याऐंशी अंशांवर शेकून मोजायची, आणि किती सुधारायचं तो आकडा तिच्यातच जाळायचा, म्हणजे कायमचा कोरायचा. जाळलेला आकडा पुसता येत नाही. शेक नव्वद सेकंदांचा.

रिकाम्या हाताने उभं राहणं चिन्मेइला जमत नसे. पाळीप्रमुख तंग युंगक्वांगला ती एकदा म्हणाली, "स्फटिकाची डबी चाळीस सेकंदांत तापायची. इथेही पेटीचा काटा चाळीसात पंच्याऐंशीवर जातो. पुढचे पन्नास सेकंद आपण कुणाची वाट बघतो रे?"

युंगक्वांगने दहा चिपा चाळीसावर करून पाहिल्या. दहाच्या दहा पास. बदलाच्या कागदावर सुचवणारी म्हणून तिचं नाव पडलं, खाली त्याची सही. काम दीडपट निघू लागलं. फलकावर तिचा फोटो लागला.

तीन आठवड्यांनी, दुपारी जेवण झाल्यावर, नेहमीप्रमाणे झोपेसाठी दिवे मालवले. सगळ्यांनी टेबलावर डोकी टेकली. चिन्मेइची चौसष्ट चिपांची एक थाळी, आकडे जाळून, तपासून झाली होती, पण काढायची राहिली. ती अर्धा तास पेटीतच शेकत पडली. दिवे लागल्यावर तिने उगाच पुन्हा तपासली. चौसष्टातल्या एकोणीस नापास.

"खाऊची तारीख बघा, ताई," युंगक्वांग हसत म्हणाला. यंत्र नीट चालावं म्हणून त्यावर ठेवलेली खाऊची हिरवी पुडी शिळी झाली की ते रुसतं, हे तिथे सगळेच मानत.

तिने पुडी पाहिली. तारीख चार महिने पुढची होती. तिने चाळीसावर पास झालेली दुसरी थाळी घेतली, पूर्ण नव्वद सेकंद शेकून तपासली. तेवीस नापास.

तेव्हा तिला कळलं. काटा पेटीतल्या हवेचा. स्फटिकाची डबी पातळ पत्र्याची, चिपचं अंग जाड. चाळीसात ते आतून तापतच नव्हतं. जाळणंही चाळीसावर, तपासणंही चाळीसावर. आखूड पट्टीने कापलेलं कापड त्याच पट्टीने मोजलं तर बरोबरच भरणार.

या चिपा वृद्धाश्रमांतल्या मदतीच्या बटणांच्या रिसीव्हरसाठी होत्या. म्हाताऱ्याने खाटेवर बटण दाबायचं, रिसीव्हरने ते ऐकून दिवा लावायचा. चाळीसावर केलेल्या चिपांची दोन खोकी अजून भांडारात होती. पहिलं गिऱ्हाइकाकडे गेलं होतं.

युंगक्वांगने तिला जिन्यात गाठलं. "भांडारातला माल मी भंगारात काढतो. कारण काहीतरी लिहू. गेलं ते गेलं."

"गेलं कुठे?"

"ते तुम्हालाही माहीत आहे."

"मग गिऱ्हाइकाला लिहून कळव."

"कागदावर तुमचं नाव आहे, ताई. वरचे विचारतील, स्फटिकवालीला चिपमधलं काय कळतं?"

"बरोबरच विचारतील. मला कळलं नव्हतं."

"आणि माझी सही?"

"तुझी सही तूच केलीस. तपासून पाहताना नव्वदावर बघ, हे मी सांगायला हवं होतं. मला काम उरकायची घाई होती."

"पोरं शाळेत आहेत माझी."

 ती वर इंजिनियर वेन सूचिंगकडे गेली आणि आकड्यांचा कागद पुढे ठेवला.

"हे पुन्हा तपासायला कुणी सांगितलं तुम्हाला?" वेनबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. थाळी काढायची विसरले होते."

वेनबाईंनी त्याच दिवशी गिऱ्हाइकाला कळवलं. युंगक्वांगचं प्रमुखपद गेलं. तो चिन्मेइच्या शेजारच्या यंत्रावर बसू लागला. दुपारचा डबा मात्र दुसऱ्या टोकाला नेऊन खायचा. फलकावरचा फोटो कुणीतरी काढला. टोमणेही बंद झाले, आणि ते तिला जास्त लागलं.

बहुतेक रिसीव्हर परत आले. दोन आश्रमांचा माल कुणा किरकोळ विक्रेत्याने विकला होता. त्यातला एक नानच्वांगच्या डोंगरात, एवढंच कळलं. तिथला फोन कुणी उचलत नव्हतं. रविवारी चिन्मेइ दोन बस बदलून तिथे गेली. आश्रम पत्र्याच्या छपराचा, रिसीव्हर छताला लागून बसवलेला. सकाळी तिने बटण दाबलं तर दिवा लागला.

"चालतंय की," सांभाळणारी बाई म्हणाली. "एवढ्यासाठी आलात?"

"ऊन चढू दे."

दीड वाजता तिने एका आजोबांना बटण दाबायला सांगितलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. नाही.

"आमचे आजोबा दुपारी दाबतच राहतात," बाई हळूच म्हणाली. "आम्हाला वाटायचं, सवय आहे त्यांची."

चिन्मेइने स्टूल मागितलं, रिसीव्हर उतरवून पिशवीत घातला. नवा येईपर्यंत प्रत्येक खाटेला बांधायला गावातल्या दुकानातून अकरा घंटा आणल्या आणि स्वतः बांधल्या. आजोबांनी घंटा वाजवून पाहिली. 

दुसऱ्या आश्रमाचा पत्ता अजून लागलेला नाही.