लग्नाची फाइल

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेल्या हळदीचा वास आला की मला जठारपेठेतलं ते टायपिंगचं दुकान आठवतं. मोठा भाऊ अचानक गेला होता आणि मी त्याच्या तेरवीची पत्रिका छापायला तिथे बसलो होतो. उन्हाळा होता, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर होता. दुकानदार फुकट मिळणाऱ्या, मराठी मेनूच्या ऑफिस सॉफ्टवेअरवर काम करायचा. त्यानं आडनाव विचारलं आणि त्याच दुकानात टाइप झालेली दादाच्या लग्नाचीच पत्रिका उघडली. "नातेवाईक तेच आहेत नं? मंग सारं नव्यानं काहून टाइप करू?" मी मान हलवली. त्यानं वरचा गणपती काढला. दादाच्या नावाआधीचं 'चि.' पुसून 'कै.' केलं. वहिनीचं नाव त्याच्या शेजारून उचललं आणि खाली 'शोकाकुल'मध्ये नेऊन ठेवलं. काका, मामा, आत्या जिथल्या तिथे राहिले. मी कूलरचं पाणी टपकताना पाहत होतो. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. प्रिंट निघाल्यावर त्यानं फाइल बंद केली, तर पडद्यावर विचारणा आली, बदल साठवायचे का? "साठवलं तं लग्नाची पत्रिका पुसून जाईन भाऊ," तो म्हणाला, "तेरवीची अलग फाइल करू का?" "करा कायबी," मी म्हणालो. त्यानं एक बटण दाबलं. कोणतं, ते मी पाहिलं नाही. त्या दुकानासमोरून मी रोज जातो; तिथे दादाचं लग्न अजून आहे का, हे मी विचारलेलं नाही.