बारा लूम आणि एक तंबू

मित्राने तंबू विकत आणण्याऐवजी घरच्या लूमवर विणलेल्या कापडाचा शिवला, तेव्हाच मी मोडता घालायला हवा होता. पण मी नुकताच मास्तर झालो होतो, दिवाळीची सुट्टी लागली होती, आणि डोंगर, जंगल नि समुद्र तीन दिवसांत पायी करायचा बेत मीच आखला होता. तंबूवर माझा एकही पैसा जात नाही म्हटल्यावर मी गप्प बसलो.

मित्र वळ गावचा. त्याच्या वडिलांची बारा लूमची शेड होती. आजूबाजूच्या शेडी पडून तिथे गोडाऊन उभी राहत होती, आणि त्यांच्याही जागेला गिऱ्हाईक आलं होतं. काका, म्हणजे त्याचे वडील, विकायला तयार. मित्राचा मात्र त्या लूमवर जीव. वज्रेश्वरीच्या एसटी स्टँडवर पाठीवर सॅक घेतलेली पोरं बघून त्याच्या डोक्यात आलं, आपल्याच कापडाचे तंबू करून या पोरांना विकायचे. काकांनी अट घातली.

"तीन राती त्याच्यात नीज. टिकला, त लूम ऱ्हातील. न्हाय टिकला, त गोडाऊन. मास्तर बरोबर हाय, मास्तर खरं काय ते सांगल."

म्हणजे निघालो फिरायला आणि झालो साक्षीदार.

कापड लूमवरून उतरवलेलं, तसंच कोरं होतं. विणताना धागा तुटू नये म्हणून त्याला आधी कांजी पाजतात, आणि पुढे कापड धुऊन ती काढून टाकतात. मित्राने धुतलंच नाही. कांजीमुळे तंबू ताठ उभा राहतो म्हणाला. वर तांब्याभर पाणी ओतलं. ते घरंगळून खाली गेलं. "बघ, वॉटरप्रूफ!" मी टाळ्या वाजवल्या. मी, बी.एड. झालेला माणूस.

वज्रेश्वरीच्या गरम कुंडांत आम्ही इतका वेळ बसलो की गणेशपुरीच्या मागचा डोंगर चढताना पायांनी असहकार पुकारला. वर पोचलो, तंबू ठोकला आणि मेल्यासारखे झोपलो. सकाळी जाग आली तेव्हा माझे पाय गुडघ्यापर्यंत बाहेर. मला वाटलं मी घसरलो. मित्राला वाटलं माझी उंची वाढली. खरं म्हणजे रात्रभर दव पडून तंबू हातभर आटला होता. कांजी भिजून पिठूळ झाली होती, आणि मित्राच्या गालाला तंबूची एक भिंत चिकटली होती.

"कोरं कापड आटतंच," गाल सोडवत तो म्हणाला. "आटायचं तेवढं आता आटून झालं."

पुढे तुंगारेश्वरचं जंगल. लूमच्या खडखडाटात वाढलेला माणूस कानात सांगायची गोष्टसुद्धा ओरडून सांगतो. मित्राने दिवसभर मला तंबूच्या धंद्याची स्वप्नं ओरडून सांगितली. त्या जंगलात बिबट्या आहे असं म्हणतात. आम्हाला माकडदेखील दिसलं नाही.

संध्याकाळी एका पाड्यावर मुक्काम केला. रात्र सुखाची गेली. सकाळी ओढ्यावर आंघोळ करून आलो, तर तंबूला तीन गाई लागलेल्या. कांजीचं कापड त्या चवीचवीने, डोळे मिटून खात होत्या. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी शांतपणे बघत बसली होती.

"आजी, हाकललंत का न्हाय?" मित्र किंचाळला.

"मला वाटला, गाईंसाठीच मांडलाय," म्हातारी म्हणाली.

तिसऱ्या रात्री अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दोन सुरूच्या झाडांना आम्ही जे बांधलं त्याला तंबू म्हणणं धाडसाचं होतं. आमची दोन डोकी त्याखाली मावली, बाकी आम्ही वाळूत.

"तिसरी रात झाली," सकाळी मित्र म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही. "बाबा तुलाच इचारतील. काय सांगशील?"

परतीच्या एसटीत मी ठरवलं, खोटं बोलायचं. शेड वाचणार असेल तर एका मास्तराचं एक खोटं कुणाला जड नाही.

काका शेडच्या दारातच भेटले. आत बाराही लूम धडधडत होते. "मास्तर, टिकला?"

"टिकला काका! तिन्ही राती!" मी ओरडलो. याहून लहान थापेसाठी मी पोरांना बाकावर उभं करायचो.

"न्हाय टिकला, बाबा," मित्र म्हणाला. काकांना ऐकू आलं नाही. त्यांनी सरळ जाऊन मेन स्विच बंद केला. आतून कारागीर ओरडले, "क्या हुआ सेठ?" सगळं थांबलं.

"आता बोल."

"पयल्या राती आटला. मंग गाईंनी खाल्ला."

काकांनी आधी विचारलं, "गाईंना काय झालं न्हाय ना?"

"न्हाय."

मग काका जे हसायला लागले ते थांबेनात. मीही हसलो, मित्रही हसला, कारागीर कशाला ते न कळता हसले. काकांनी डोळे पुसले, एकदा लूमकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग?"

"गोडाऊन," मित्रच म्हणाला.

मी त्याला ओढत बाहेर आणलं. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि माझी स्वतःची लाजही वाटत होती. "मी सांगितलं होतं ना टिकला म्हणून! तुला कोणी विचारलं होतं?"

"उद्या कुनाची पोरं त्याच्यात झोपतील," तो म्हणाला. "भिजतील. कापड माझंच हाय ना."

काकांनी मेन पुन्हा चालू केला. एकेक करून लूम सुरू झाले. मित्राने मान वाकडी करून ऐकलं.

"सात नंबरचा पट्टा ढिला झालाय," तो म्हणाला, आणि पाना घेऊन तो आवळायला आत गेला.