कंडक्टरची पेटी

“दार! दार लावा आधी! गाडी चालू हाय!”

कंडक्टर अंगणातून ओरडले आणि माझ्या हातातलं झाकण धाडकन पेटीवर पडलं. त्या ओरडण्याने बोरीच्या बाजारात दोन म्हशींनी दावी तोडली, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं आहे. खरं तर म्हैस एकच होती आणि तिने नुसती मान वळवली. पण सगळा जन्म एसटीच्या खडखडाटावर मात करून “पुढं सरका” म्हणण्यात गेलेला तो आवाज होता. आमच्या शाळेची प्रार्थना सुरू असताना ते घरात शिंकले, तर पोरं “सावधान”मध्ये उभी राहत.

“पाहुणे आलेत, मामा. मेहुण्याला दाखवत होतो,” मी म्हणालो.

“मेव्हण्याला म्हनावं, खिडकीतून बघ. काच कशाला बसवलीय?” त्यांनी पेटीवर गोधडी ओढली. “गुरुजी, शाळेत पोरान्ला वाचायला शिकवता ना तुमी? मग हे वाचा.”

पेटीवर त्यांनी स्वतःच्या हाताने खडूने लिहिलं होतं: चालत्या गाडीचे दार उघडू नये.

ही पेटी म्हणजे अंडी उबवायचं यंत्र. निवृत्तीच्या दिवशी तिकिटांची पत्र्याची पेटी आणि चामडी पिशवी परत केल्यावर कंडक्टरांच्या हातांना काम उरलं नाही. महिनाभर ते बायकोला, म्हणजे आमच्या मावशींना, स्वयंपाकघरात “पुढं सरका” म्हणत राहिले. शेवटी मावशींनीच ही दुसरी पेटी आणायला लावली आणि घरात पुन्हा प्रवासी आले. कंडक्टर अंड्याला अंडं म्हणत नसत. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं टॉर्चपुढे धरून ते गंभीरपणे विचारत, “तिकीट?” आत लाल शिरांचं जाळं दिसलं की तिकीट आहे. काहीच दिसलं नाही, तर ते अंडं बाजूला ठेवून म्हणत, “रिकामं सीट.” रिकाम्या सीटची पोळी मी बऱ्याचदा खाल्ली आहे.

पिलाने आतून टोचून कवचाला पहिलं भोक पाडलं, की त्याला कंडक्टर म्हणत “पंच झालं.” जुन्या काळी तिकिटाला भोक पाडायचा पंच हातात कटकट वाजवत ते गाडीभर फिरत. आता जिभेने कटकट करत पेटीभोवती फिरत. पंच झालेला प्रवासी ही त्यांची जोखीम. तो सुखरूप उतरेपर्यंत ते जेवायलासुद्धा पेटीकडे तोंड करून बसत.

मदत मात्र ते कुणालाच करत नसत. पिलू दमून तासन् तास निजलं तरी नाही. एकदा माझ्या बायकोने कळवळून कवच सोलायला हात पुढे केला, तर म्हणाले, “न्हाई, बाई. उतरनाऱ्याला ढकलायचं न्हाई. पायरी त्याची त्यानं शोधायची.” नोकरीतल्या पहिल्या वर्षी गाडीला उशीर झाला म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्याला खांद्याला धरून घाईने उतरवलं होतं. म्हाताऱ्याचा पाय मोडला. त्याने तक्रार केली नाही, उलट बरा झाल्यावर त्याच गाडीने येत-जात राहिला आणि दर वेळी विचारायचा, “उतरू का, साहेब?” ही हकीकत कंडक्टरांनी मला एकदाच सांगितली, पुन्हा कधी नाही.

त्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगायची, तर आधी मावशींचं बदक सांगायला हवं. येलदरीकडच्या भाच्याने त्यांना बदकांची जोडी दिली होती. नर त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गेला. मादी उरली, आणि ती मावशींच्या मागे मागे किराणा दुकानापर्यंत जायची. मावशी भाव उतरवल्याशिवाय हलत नाहीत आणि मावशी हलल्याशिवाय बदक उठत नाही, म्हणून दुकानदार दोघींना टरकून असायचा. नर गेल्यावर आठवड्याभरातच मुंगसाने मादीलाही नेलं. मावशी रडल्या नाहीत. बदकाच्या खालची पाच अंडी पदरात घालून आणली, कंडक्टरांपुढे ठेवली आणि म्हणाल्या, “येवढ्यांतलं येक तरी उतरवा.”

कोंबडीचं पिलू एकवीस दिवसांनी निघतं, बदकाचं अठ्ठावीस. कंडक्टरांनी बदकाची अंडी आठवडाभर आधी चढवली, म्हणजे सगळे एकाच दिवशी स्टँडवर पोचतील. टॉर्चपुढे दोन अंडी रिकामी निघाली. दोन अर्ध्या वाटेत थांबली. उरलं एक.

आता माझा भाग. पंच होण्याच्या दिवशीच कंडक्टर आणि मावशी दोघांना जिंतूरला लग्नाला जावं लागलं. लाईट गेली तर इन्व्हर्टर चालू करायला मला बसवून गेले. दुपारी बघतो तर बदकाच्या अंड्याला भोक! मला एवढा आनंद झाला, की मी झाकण काढलं आणि स्टेटसला टाकायला व्हिडिओ घेतला. पहिल्यात माझा अंगठा आला, दुसऱ्यात बाहेर कुत्रं भुंकलं, तिसरा चांगला आला. आमच्याकडचं मे महिन्याचं वारं म्हणजे, दोरीवर धोतर टाकून वळावं तर त्याचा पापड झालेला. तेवढ्यात पेटीतली वाफ सगळी उडून गेली. मी झाकण लावलं, गोधडी घातली, आणि दोघे आल्यावर एवढंच सांगितलं की पंच झालं. दुसऱ्या दिवशी मेहुणा आला आणि मी पकडला गेलो तो असा.

तोवर कोंबडीची तीन पिलं उतरून वाळली होती आणि बाकीची कवचं ठोकत होती. बदकाचं भोक मात्र कालच्याएवढंच होतं. कंडक्टरांनी काचेतून बराच वेळ पाहिलं.

“पापुद्रा वाळलाय,” ते म्हणाले. “चामड्यावानी आवळून बसलाय अंगाला. त्याला आत मानच फिरवता येईना.”

“मग तुमी कामून बसायलाव?” मावशी म्हणाल्या.

“ढकलायचं न्हाई, असं म्हनत आलोय जन्मभर.”

“तुमी ढकलू नगा. हात तर द्या!”

कंडक्टर उठले. “पायरीच मोडली आसंल तर हात द्यावाच लागंल,” असं म्हणताना ते कुणाकडेच बघत नव्हते. मला मात्र सगळी गाडी माझ्याकडे बघतेय असं वाटलं.

पेटी पुन्हा उघडी ठेवली तर कोंबडीच्या अंड्यांचे पापुद्रे वाळणार. म्हणून कंडक्टरांनी ऑपरेशन न्हाणीत केलं. मेहुण्याला बंबापाशी बसवलं. तो पाहुणचाराला आला होता. दुपारभर त्याने लाकडं सारली. उकळत्या पाण्याच्या बादल्या आत ठेवून दार लावलं, तेव्हा न्हाणीत एवढी वाफ झाली की मी आत गेलो तेव्हा माझे केस काळे होते की पांढरे, हे कुणालाच सांगता आलं नसतं. कंडक्टर पाटावर, अंडं त्यांच्या ओंजळीत, मावशींच्या हातात कोमट पाण्यात भिजवलेला कापूस.

एक बोटभर पापुद्रा ओला करायचा. भोकाच्या कडेचा वाळलेला तुकडा नखाने सोडवायचा. लाल शीर दिसली की हात थांबवायचा, अंडं ओल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायचं आणि वाट बघायची. शीर सुकली, आतला बलक पिलाच्या पोटात गेला, की पुन्हा न्हाणी. असं चार वेळा झालं. दोनदा मीच म्हणालो, “मामा, काढा की आता सगळं!”

“गुरुजी, पुढं सरका,” ते हळूच म्हणाले. त्या आवाजाला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

चौथ्या खेपेला डोकं मोकळं झालं. उरलेल्या कवचाला त्यांनी हात लावला नाही. अंडं पेटीत ठेवलं, गोधडी घातली आणि तिघेही काचेशी बसलो. दिवस कलताना पिलाने दोन लाथा मारल्या, थांबलं, तिसरी मारली आणि कवच मागे राहिलं. ओल्या चिंधीसारखं काहीतरी मान टाकून पडलं होतं आणि श्वास घेत होतं.

प्रत्येक पिलू उतरलं की कंडक्टर मोठ्याने डबल बेल द्यायचे: टिंग टिंग! या वेळी ते काचेवरची वाफ बोटाने पुसत राहिले.

“टिंग टिंग,” मावशी म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

रात्री गावातच थांबणाऱ्या शेवटच्या एसटीसारखी सगळ्यात उशिरा पोचलेली म्हणून तिचं नाव पडलं मुक्कामी. ती डाव्या पायाने किंचित लंगडते आणि माणसांत फक्त मावशींना मानते. आताशा किराणा दुकानात तीच जाऊन बसते.

दोन वर्षांनी कंडक्टर गेले. पेटीसमोरच्या खुर्चीत, जेवणानंतर, दुपारी. पेटी तेव्हा रिकामी होती, एकही प्रवासी आत नव्हता. नाहीतर ते गेले नसते, असं मी आजही छातीठोकपणे सांगतो.

यंदा माझी बदली झाली. सामान टेम्पोत भरून मी मावशींचा निरोप घ्यायला गेलो. त्या अंगणात मुक्कामीला भात घालत होत्या. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी सांगून टाकलं: झाकण मी एकदा नाही, दोनदा उघडलं होतं. आदल्या दिवशी, तुम्ही लग्नाला गेला होतात तेव्हा. पापुद्रा माझ्यामुळेच वाळला.

“त्यान्ला ठावं होतं,” मावशी म्हणाल्या. “गोधडी उलटी घातली होती तुमी.”

“मग मला बोलले कसे नाहीत? काय म्हणाले?”

मावशींनी ताटलीतला उरलेला भात बदकापुढे झटकला.

“म्हनले, येक विनातिकीट हाय. पन गावचाच हाय, बसू दे.”