ताईचा मक्याचा पाव

चष्मेवाल्याचा सगळा संसार एका प्रश्नावर उभा होता. समोरच्याच्या नाकावर ती जड गोल चौकट बसवायची, तिच्यात एक काच सरकवायची, मग दुसरी, आणि विचारायचं, "हे बरं की ते बरं?" गिऱ्हाईक म्हणे, "परत दाखवा बघू." हा परत दाखवी. एका वेळी एकच काच बदलायची. दोन बदलल्या की कुठल्या काचेनं काय केलं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला नियम.

हा नियम हल्ली त्याच्या पोटाला लागू झाला होता.

सिलिअ‍ॅक हा आजार तसा जुना पाहुणा. ग्लुटेन, म्हणजे गव्हातला तो चिकट अंश, पोटात गेलं की याचं आतडं आतून सोलपटून निघायचं. तेव्हा गहू, जव आणि त्यांच्या गोतावळ्यातलं काहीही आता जन्मभर बंद, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा तो नुकता चाळिशीला टेकला होता. आधी हबकला, मग शिकला. दुकानातलं भिंग खिशात घालून वाण्याकडे जाऊ लागला आणि पुड्यांवरची मुंगीएवढी अक्षरं वाचू लागला. वाण्याला वाटलं, हा कुठल्या तरी सरकारी खात्याचा माणूस. त्यानं धसक्यानं जुना माल आतल्या खोलीत हलवला. घरात वेगळं पातेलं आलं, वेगळा झारा आला. कुणाकडे जेवणावळ असली की चष्मेवाला आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसे आणि "पथ्य आहे" एवढंच सांगे, कारण पुढचं सांगायला लागलं की समोरचा म्हणे, "अहो, एका घासानं काय होतंय!" एका घासानं काय होतं ते जेवणाच्या पंगतीत सांगण्यासारखं नसतं.

हेही अंगवळणी पडलं. पण घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. गेल्या वर्षी दूध फिरलं. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं दूध गेलं, मागोमाग ताकही गेलं, फुंकायलासुद्धा काही उरलं नाही. मग सोयाबीन गेलं. आणि आता पुन्हा पोट फुगत होतं, कळा येत होत्या, सांधे ठणकत होते, डोक्यात कापूस भरल्यासारखं होत होतं.

"तुमचे रिपोर्ट उत्तम आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतडं छान भरून आलंय."

"रिपोर्टची तब्येत चांगली आहे, बाई. माझी नाही."

त्या हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "काही जणांना गहू सोडल्यावरही पुढे नवीन नवीन गोष्टी सोसेनाशा होतात. ज्यांच्यावर संशय आहे ते सगळं बंद करा. बरं वाटलं की एकेक परत खाऊन बघा."

"म्हणजे एका वेळी एकच काच."

"काय म्हणालात?"

"काही नाही. कळलं."

त्यानं तसंच केलं. टोमॅटो निर्दोष सुटला. मसूर सुटली. शेंगदाण्याबद्दल शंका राहिली. घास उचलण्याआधी इतका विचार करावा लागे की तोवर भूकच कंटाळून निघून जाई. दुकानात गिऱ्हाइकाला "हे बरं की ते बरं?" विचारताना त्याला वाटे, आपल्याला कुणी विचारलं तर आपण म्हणू, काही का असेना, एकदाची चौकट उतरवा.

शेवटी बायकोनंच विषय काढला. "अहो, तुमचं पोट नेमकं सोमवारीच कसं बिघडतं?"

"आठवड्याचा ताण असतो."

"आठवडा सुरू व्हायच्या आधीच? रविवारी तर दुकान बंद असतं. रविवारी आपण ताईंकडे जातो." ती थांबली. "तिथे तुम्ही काय खाता?"

चष्मेवाल्यानं खिशातला रुमाल काढला आणि स्वतःचा स्वच्छ असलेला चष्मा पुसायला घेतला. सगळ्या जगाची चाचणी त्यानं घेतली होती, फक्त ताईचा पाव तेवढा वगळला होता. विसरला नव्हता. त्याला उत्तर नको होतं.

ताई त्याची थोरली बहीण, इस्पितळातून निवृत्त झालेली मेट्रन. भावाचा आजार कळला त्याच दिवशी तिनं घरातली गव्हाची पिठं उचलून शेजारणीला देऊन टाकली. स्वतःसुद्धा गहू सोडला. मग मक्याच्या पिठात अंडी फोडून पाव करायचा नाद घेतला. पाव करायच्या दिवशी तिच्या ओट्याचं ऑपरेशन थिएटर होई. तिथे माशीनंसुद्धा हात धुऊन यावं. पहिला पाव दाराला अटकण म्हणून उपयोगी पडला. दुसरा मधोमध खचला. कितीतरी पाव असे कामी आल्यावर एक उभा राहिला, तेव्हा तिनं फोन करून नातू झाल्यासारखी बातमी दिली होती. तेव्हापासून दर रविवारी तो पाव. स्वतःच्या घराबाहेर चष्मेवाला डबा न नेता जेवत असे ते अख्ख्या पृथ्वीवर एकाच टेबलापाशी. ते टेबल गेलं की मग राहिलं काय?

त्या रविवारी बायको मुद्दामच आली नाही. "तुमचं तुम्ही सांगा," म्हणाली.

ताईनं पाव कापून ताटलीत ठेवला. चष्मेवाल्यानं तुकडा उचलला, खाली ठेवला, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा उचलला.

"ताप आलाय का?" ताईनं विचारलं.

"नाही."

"मग इंजेक्शन बघितल्यासारखं काय बघतोयस त्याच्याकडे?"

"ताई, मला वाटतं मका सोसत नाही. किंवा अंडं. दोन्हीपैकी एक. कदाचित दोन्ही."

ताईनं सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मग विचारलं, "कधीपासून?"

"झाले काही महिने."

"आणि तू दर रविवारी येऊन खात होतास."

"तू इतकं करतेस, म्हटलं..."

"काय म्हटलंस? ताईला वाईट वाटेल?" तिचा आवाज चढला. "अरे गाढवा, जन्मभर लोकांना औषधं दिली मी. एक गोळी चुकीची जाऊ नये म्हणून तीनतीनदा वाचायची. आणि तू माझ्याच हातून स्वतःला आजारी पाडून घेत होतास? दर आठवड्याला? वर 'छान झालाय' म्हणत होतास!"

चष्मेवाला मान खाली घालून बसला. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आपण एकटेच सोसतोय असं त्याला वाटत होतं.

"तू दमून पाव करणं सोडलंस तर," तो हळूच म्हणाला, "मग मी कुठे जायचं ते कळेना."

ताई समोरची खुर्ची ओढून बसली. मग तिनं त्याच्या ताटलीतला तुकडा उचलला आणि खाल्ला. चावला. आणखी चावला. तिच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"हा असा लागतो?"

"म्हणजे? तू कधी खाल्लाच नाहीस?"

"तुझ्यासाठी करायचे, मी कशाला खाऊ? उरलेला तुला बांधून द्यायचे." तिनं पाणी घेऊन घास गिळला. "अरे, हा तर ओला पुठ्ठा आहे. बोलला का नाहीस?"

"बरा असतो गं."

"खोटं बोलू नकोस. आता तर त्याचीही गरज नाही."

चष्मेवाल्याला हसू फुटलं. ताईनं आधी डोळे वटारले, मग तीही हसली, पदरानं डोळे पुसत, थकलेल्या माणसांचं असतं तसं, आवाज न करता. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पातेलं घेऊन नळाखाली धरलं.

"भात?"

"चालतो."

"बटाटा?"

"चालतो."

"तेल?"

"चालतं."

"मीठ?"

"आजपर्यंत तरी," चष्मेवाला म्हणाला, आणि बटाटे सोलायला घेतले.