चावीकाकांचा हॉल आणि मी

चावीकाकांनी पत्ता सांगितला की नवा माणूस हमखास चुकायचा. "वीटभट्टीवरून उजवीकडे वळ, सफरचंदांची बाग संपली की तिसरं घर." वीटभट्टी जाऊन तिथे सुपरमार्केट आलं त्याला जमाना झाला, आणि त्या बागेत आता आमची घरं आहेत. सुरुवातीला मला वाटायचं, म्हाताऱ्याला भ्रम होतोय. भ्रम कसला! लंडनजवळच्या स्लाऊच्या कडेच्या आमच्या ह्या उपनगरातली कुठली भिंत कुणी बांधली, हे त्या माणसाला तोंडपाठ होतं.

काका मूळचे मिरजेचे. तरुणपणी इथे आले आणि ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे इथल्या एमआयडीसीतल्या, एका रंगाच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवली. चावीकाका हे नाव पडलं ते कम्युनिटी हॉलमुळे. माझ्या घराला लागूनच होता तो, पत्र्याच्या छपराचा, लाकडी. इथल्या लोकांनी शनिवार-शनिवार खपून स्वतः उभा केलेला. "आयरिश गवंडी, पंजाबी सुतार आणि फळ्या धरायला मी," असं काका सांगायचे. हॉलची चावी कायम त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात. सोमवारी गोऱ्या आज्यांचा बिंगो, बुधवारी पोरांचं कराटे, भाद्रपदात आपला गणपती, आणि खुर्च्या मांडायला प्रत्येक वेळी काका. आपण मदत करायला जावं, तर रांग वाकडी झाली म्हणून ते पुन्हा सगळ्या स्वतःच लावायचे.

नवं मराठी कुटुंब राहायला आलं की दुसऱ्या दिवशी काका दारात हजर. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा ते आधी सांगायचे, मग विचारायचे, "काय रे, इथे राहायला आलायस की झोपायला?" मला हे चांगलंच झोंबलं होतं. मी पुण्याचा, नोकरी रीडिंगला आयटीत, सकाळी ट्रेन पकडायची ती संध्याकाळी परत. म्हणजे झोपायलाच की! पण आमच्या लेकीला, सईला, ताप चढला आणि मी ऑफिसात अडकलो, तेव्हा भर थंडीत तिला आणि माझ्या बायकोला, अमृताला, बसने डॉक्टरकडे घेऊन गेले ते काकाच.

दोन वर्षांपूर्वी एका बिल्डरने हॉल पाडून फ्लॅट बांधायचा अर्ज कौन्सिलकडे केला. काका इरेला पेटले. सह्यांचा कागद घेऊन घरोघर फिरले. आमच्याकडे आले तेव्हा अमृताने पोहे केले, मी झोकात सही ठोकली आणि वर म्हणालो, "काका, मी आहे तुमच्याबरोबर." कुणी विचारलं होतं मला?

खरी गोष्ट निराळीच होती. हॉलमध्ये काही असलं की लोक माझ्या दारासमोर गाड्या लावायचे आणि मी खिडकीत उभा राहून चरफडायचो. नव्या आराखड्यात शेजारच्या घरांनाही पार्किंगच्या जागा होत्या, त्यातली एक मला मिळणार होती. एका सकाळी ट्रेनमध्ये बसल्या बसल्या मी कौन्सिलच्या वेबसाइटवर त्या अर्जाला पाठिंबा लिहून टाकला. पार्किंगचं लिहून थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पण मी पुढे लिहिलं, 'मी ह्याच मराठी समाजातला आहे. आमच्या तरुण कुटुंबांना ह्या हॉलची गरज उरलेली नाही, आम्ही शाळेचा हॉल घेतो.' शाळेचा हॉल आम्ही आयुष्यात एकदा घेतला होता, तोही इथलं छप्पर गळत होतं म्हणून. आपलं नाव फक्त कौन्सिललाच कळतं, अशी माझी समजूत. खालचा बारीक मजकूर न वाचता मी टिक करून मोकळा झालो. आणि म्हणे आयटीतला माणूस.

कौन्सिलच्या मीटिंगच्या दिवशी काकांचा फोन आला. "मंदार, मला नेशील का रे?" नाही कसं म्हणणार? इस्त्रीचा कोट, टाय, मांडीवर कागदांची फाइल, असे काका माझ्या शेजारी बसले. एरवी रस्त्यातल्या प्रत्येक कोपऱ्याची कुंडली मांडणारा माणूस, त्या दिवशी वीस मिनिटं फाइलीतले कागदच चाळत होता. एकदाच म्हणाले, "तुला काही बोलायचंय का रे?"

"छे हो काका. तुम्हीच बोला, तुम्ही छान बोलता," मी म्हणालो.

प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं होती. काकांनी त्यात आयरिश गवंडी बसवला, पंजाबी सुतार बसवला, बिंगोच्या आज्या बसवल्या. मग तिथल्या अधिकाऱ्याने आलेल्या पत्रांचा सारांश वाचला. "मराठी समाजातल्याच एका रहिवाशाचं म्हणणं आहे की तरुण कुटुंबांना ह्या हॉलची गरज उरलेली नाही." काका पुढच्या रांगेत होते, मी त्यांच्या बरोब्बर मागे. काकांनी मान वळवली नाही. थोड्या वेळाने मतदान झालं आणि हॉल गेला.

परत येताना मी म्हणालो, "फार वाईट झालं हो, काका."

"तुझं पत्र मी गेल्याच आठवड्यात वाचलं," काका म्हणाले. "वेबसाइटवर लावतात सगळी, नावानिशी, घर नंबरासकट. लायब्ररीतल्या मुलीने मला छापून दिली."

रस्ता सोडून दुसरीकडे बघायची माझी छाती होईना. "मग माझ्या गाडीतून कशाला आलात?"

"वाटलं, वाटेत सांगशील." मग म्हणाले, "गाड्यांचं तुझं बरोबर आहे. मला बोलला असतास तर एक गाडी लावू दिली नसती मी तिथे."

तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी फक्त "हो" म्हणालो. त्यांना दाराशी सोडलं, घरी आलो आणि अमृताला सांगितलं की आपण हरलो. आपण!

पुढे काका मुलीकडे बर्मिंगहॅमला राहायला गेले. निघताना घरी आले, सईला चॉकलेट दिलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. हॉलच्या जागी फ्लॅट आले, मला पार्किंग मिळालं. रोज गाडी लावतो तिथे, आणि रोज लाज वाटते. लाज वाटते म्हणून काही मी गाडी दुसरीकडे लावत नाही.

ह्या हिवाळ्यात काका गेले. बर्मिंगहॅमला शोकसभा होती. तुमचा त्यांच्याशी जवळचा संबंध होता, चार शब्द बोला, असं मलाच सांगण्यात आलं. आणि मी बोललो. हॉल कसा उभा राहिला, काका त्यासाठी कसे लढले, सगळं सांगितलं. एक सोडून सगळं. लोकांनी डोळे पुसले.

सभा संपल्यावर काकांची मुलगी वैशाली जवळ आली. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "बाबा नेहमी सांगायचे, त्या मीटिंगला तू त्यांना घेऊन गेला होतास. एकटं जायला लागलं नाही म्हणायचे. थँक यू, खरंच."

काकांनी तिला एवढंच सांगितलं होतं.

निदान आता तरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही मी.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.